कालचा पाचवा आज पहिला कसा?

५ मार्च २०२०ची सकाळ. अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या तिकिटाची लढत रंगात आलेली. सांगलीहून मामांचा फोन. "अरे, तो बायडन संपला होता ना? तूच म्हणालास, पाचवा आला म्हणून. मग आज दहा राज्यं कुठनं आणली त्यानं? शेवटच्या रात्री काय फिरलं?"

मामांनी जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत चाळीस वर्षांच्या निवडणुका जवळून बघितल्यात. मतं एका रात्रीत फिरली म्हणजे काहीतरी 'फिरलं' असणारच, हा त्यांचा अनुभव. मी म्हटलं, मामा, सगळ्यात जास्त पैसा ज्यानं ओतला त्याला काल काय मिळालं सांगू? मायकल ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या खिशातले पन्नास कोटी डॉलरहून जास्त घातले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन सामोआ. प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं. लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली.

मामांचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझंही उत्तर अर्धवटच होतं. दर चार वर्षांनी हा खेळ होतो. आज एक पुढे, महिन्याभरात दुसरा, मग तिसराच जिंकतो. २०२८च्या इच्छुकांची नावं आत्तापासून बातम्यांत येतायत, म्हणजे हा प्रश्न पुन्हा पडणार. म्हणून मामांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहितोय.

आधी हे, की तिकीट कोण देतं?

आपल्याकडे तिकीट वरून येतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो, त्यावर सगळं. कार्यकर्ता रात्रभर जागा, आणि निर्णय मुंबईत नाहीतर दिल्लीत.

अमेरिकेत अध्यक्षपदाचं तिकीट पक्षाचे मतदार देतात. त्यासाठी जे मतदान होतं ती प्रायमरी. काही राज्यांत साध्या मतदानाऐवजी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये लोक जमतात, बोलतात आणि तिथल्या तिथे आपली पसंती नोंदवतात. ते कॉकस. या दोन्हींतून उमेदवाराला त्या राज्याचे प्रतिनिधी मिळतात, उन्हाळ्यात पक्षाचं मोठं अधिवेशन भरतं, आणि निम्म्याहून जास्त प्रतिनिधी ज्याच्याकडे, त्याचं तिकीट. प्रायमरी, कॉकस, प्रतिनिधी, एवढे तीन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात आत पक्षाचे पुढारी त्यांचं नाव पक्कं करत होते आणि बाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उतरलेल्या तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या. निवडणूक हरल्यावर पक्षाला शहाणपण आलं, नियम बदलले आणि १९७२पासून तिकिटाची किल्ली मतदारांकडे गेली. म्हणजे 'मतदार आज इकडे, उद्या तिकडे' हे जे दृश्य आपण बघतो, ते जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांचं आहे. त्याआधी मतदारांनी मन बदललं काय आणि न बदललं काय, फारसा फरक पडत नव्हता.

देवगडचा की रत्नागिरीचा?

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत अमेरिकन मतदार सहसा हलत नाही. रिपब्लिकन तो रिपब्लिकन, डेमोक्रॅट तो डेमोक्रॅट. कुंपणावर बसलेले थोडेच. मग हीच माणसं चार-सहा महिने आधी इतकी का हेलकावतात?

कारण त्या वेळी समोरचे सगळे एकाच पक्षाचे असतात. नोव्हेंबरमध्ये प्रश्न असतो आंबा की फणस. फणस न आवडणाऱ्याला कितीही समजवा, तो गरा तोंडात घालणार नाही. प्रायमरीत प्रश्न असतो देवगड हापूस की रत्नागिरी हापूस. बाजारात देवगडची पेटी संपली तर आपण काही उपाशी घरी येत नाही. वाद घालणारे घालतात, पण चवीत उन्नीस-बीसच. पक्षाचं चिन्ह बघून डोळे मिटून मत द्यायची सोय इथे नाही, त्यामुळे दुसऱ्या बारीकसारीक गोष्टींवर मत हलतं. परवाच्या वादविवादात कोण चांगलं बोललं, शेजारच्या राज्यात कोण जिंकलं, आपल्या भागातला जुना नेता कुणाकडे झुकला.

बाहेरून बघणारे इथे एक चूक करतात. त्यांना वाटतं की डावे मतदार डाव्या रांगेत, मधले मधल्या रांगेत, आणि माणसं आपापल्या रांगेतच पुढेमागे होतात. २०१९च्या जनमत चाचण्यांत बायडन यांच्या समर्थकांना दुसरी पसंती विचारली की बर्नी सँडर्स यांचं नाव वर येई, आणि सँडर्सवाल्यांतही बायडन यांना दुसरी पसंती देणारे भरपूर होते. एक मध्यममार्गी, दुसरे स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणारे. पंडितांच्या नकाशावर दोघं दोन टोकांना. मतदारांच्या लेखी मात्र दोघंही ओळखीचे, वयानं मोठे, कष्टकऱ्यांची भाषा बोलणारे. पंडितांनी आखलेल्या रेघा मतदारांना कुणी दाखवलेल्याच नसतात.

सगळ्या राज्यांत एकाच दिवशी मतदान का नाही?

मन बदलायला दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. प्रायमरी हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो आणि जूनपर्यंत चालतो. राज्यं एकामागून एक मतदान करतात. त्यामुळे मागून मत देणाऱ्याला पुढच्यांचा निकाल कळलेला असतो. पंगतीत शेवटी बसणाऱ्याला जसं आधीच समजलेलं असतं की जिलबी गार आहे, भजी घ्या.

२०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाची पहिली चार राज्यं होती आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलिना. चौघांचे मिळून १५५ प्रतिनिधी, एकूण ३,९७९ पैकी. चार टक्केसुद्धा नाहीत. पण त्या चार टक्क्यांनी बाकीच्या शहाण्णवांचं मन घडवलं. कॅमेरे तिथे, देणगीदारांचे डोळे तिथे. पहिल्या राज्यांत आपटलेल्या उमेदवाराची देणगी आटते, मग कर्मचाऱ्यांचे पगार निघत नाहीत आणि 'प्रचारमोहीम स्थगित करतोय' अशी घोषणा होते. 'स्थगित' हा शब्द मुद्दाम वापरतात, कारण मिळालेल्या प्रतिनिधींवरचा हक्क आणि देणग्या घेण्याची वाट खुली राहते.

त्यातही जिंकण्यापेक्षा अपेक्षेहून बरं करण्याला जास्त भाव असतो. दहावीच्या निकालाचं बघा. पंच्याण्णव अपेक्षित असलेल्या मुलीला नव्वद पडले की घरात सुतक. शेजारचा काठावर पास होईल असं वाटलेला मुलगा साठ टक्के आणतो आणि त्यांच्याकडे पेढे वाटतात. १९८४ साली आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉल्टर मॉन्डेल यांना जवळजवळ ४९ टक्के मिळाले, गॅरी हार्ट यांना साधारण १६. पण पेढे हार्ट यांच्या घरी. 'हा कोण नवा?' म्हणून सगळे कॅमेरे त्यांच्याकडे वळले आणि आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायर त्यांनी जिंकलं. शेवटी तिकीट मॉन्डेल यांनाच मिळालं, पण जूनपर्यंत घाम फुटला.

बहात्तर तासांत काय घडलं?

आता मामांचा मूळ प्रश्न.

बायडन आयोवात चौथे आले. ११ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, ८.४ टक्के मतं, प्रतिनिधी शून्य. डेमोक्रॅटिक पक्षात सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांच्या खाली गेलात तर हाती काहीच लागत नाही. २२ फेब्रुवारीला नेवाडात सँडर्स यांनी मैदान मारलं, बायडन बरेच मागे दुसरे. अमेरिकन वृत्तवाहिन्यांवर त्यांचे मृत्युलेख तयार होते. राजकीय मृत्युलेख, अर्थात.

मग आलं साउथ कॅरोलिना. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही जवळपास गोऱ्यांचीच राज्यं, म्हणजे पक्षाचा सगळ्यात निष्ठावान मतदार तोपर्यंत नीट बोललेलाच नव्हता. २६ फेब्रुवारीला तिथले ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला. त्यांच्या बोलण्याचा गाभा असा, की आम्ही जो यांना ओळखतो, आणि मुख्य म्हणजे जो आम्हाला ओळखतात. २९ तारखेला बायडन यांना ४८ टक्क्यांहून जास्त मतं पडली, सँडर्स यांना वीसच्या आत. १९८८, २००८ आणि २०२० अशा तीन वेळा अध्यक्षपदासाठी उतरलेल्या माणसानं जिंकलेली ही पहिली प्रायमरी.

मतदान करून बाहेर पडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सांगितलं की क्लायबर्न यांचा शब्द महत्त्वाचा ठरला. क्लायबर्न यांनी मतं 'दिली' असं मात्र म्हणू नका. ओबामांचे आठ वर्षं उपाध्यक्ष राहिलेले बायडन तिथे आधीपासून पुढे होते. फेब्रुवारीतल्या पराभवांनी लोकांच्या मनात शंका पेरली होती, 'हा टिकेल का?' क्लायबर्न यांनी ती उपटून टाकली. म्हणजे बरेच मतदार बायडन यांच्याकडे नव्याने आले नाहीत, ते परत आले. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. बातम्यांत 'मतदार फिरले' असं येतं, तेव्हा अनेकदा ते जिथून निघाले तिथेच परतलेले असतात.

पुढचे तीन दिवस बघा. २९ तारखेच्या रात्रीच टॉम स्टायर बाहेर. १ मार्चला पीट बुटिजेज बाहेर, आयोवात प्रतिनिधींच्या हिशोबात पहिला आलेला माणूस! २ मार्चला एमी क्लोबुशर बाहेर. त्याच रात्री टेक्ससमध्ये डॅलसला बुटिजेज आणि क्लोबुशर या दोघांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला, आणि टेक्ससचे बेटो ओ'रूर्क त्यांच्या जोडीला. ३ मार्चला सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच मंगळवारी १४ राज्यांत मतदान, साधारण एक तृतीयांश प्रतिनिधी पणाला. त्यांतली दहा राज्यं बायडन यांना. मिनेसोटा जिंकलं, जिथे ते प्रचाराला फिरकलेही नव्हते आणि जे क्लोबुशर यांचं घरचं राज्य. मॅसॅच्युसेट्स जिंकलं, जिथे एलिझाबेथ वॉरन घरच्या मैदानावर तिसऱ्या आल्या. अनेक राज्यांतल्या एक्झिट पोलमध्ये शेवटच्या काही दिवसांत मत ठरवणारे भरपूर निघाले आणि त्यांचा मोठा गठ्ठा बायडन यांच्याकडे गेला.

पैसा फिरला नव्हता, प्रचारही फारसा नव्हता. फिरली ती एकमेकांबद्दलची खात्री.

मासे, मिसळ आणि डोसा

हे मामांना जेवणाच्या उदाहरणानं पटलं. ऑफिसातले बारा जण बाहेर जेवायला निघालेत. पाच जणांना मासे हवेत. सात जणांना शाकाहारी, पण त्यांच्यात एकमत नाही. तिघं मिसळ म्हणतात, दोघं थाळी, दोघं डोसा. मतदान घेतलं तर मासे जिंकतात, पाच मतांनी. आता थाळीवाले आणि डोसावाले म्हणाले, 'चला, मिसळ तर मिसळ', की आकडा होतो सात विरुद्ध पाच. कुणाचीही आवड बदललेली नाही. निकाल मात्र पूर्ण उलटा.

(आमच्या ऑफिसात डोसावाले मासेही खुशीनं खातात, त्यामुळे हे गणित नेहमी जुळतंच असं नाही. प्रायमरीतही तसंच, हे वर सांगितलंच.)

हे एकत्र येणं आपोआप होत नाही. २०१६च्या रिपब्लिकन प्रायमरीत सतरा जण उतरले होते. ट्रम्प यांना साउथ कॅरोलिनात ३२.५ टक्के मतं मिळाली आणि त्या राज्याचे सगळेच्या सगळे ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. रिपब्लिकन पक्षात मतांच्या प्रमाणात वाटप सगळीकडे नसतं, अनेक राज्यांत जिंकेल त्याला जास्तीत जास्त किंवा सगळंच. उरलेल्यांना कळत होतं की एकास एक लढत झाली पाहिजे. पण टेड क्रूझ, मार्को रुबियो आणि जॉन केसिक, प्रत्येकाला वाटत होतं की तो 'एक' मीच. तू थांब, तू थांब करता करता रुबियो १५ मार्चला घरच्या फ्लोरिडात हरून बाहेर पडले. क्रूझ ३ मेला इंडियाना हरून, केसिक त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर खेळ संपला होता. शिवाय बाहेर पडलेल्यांचे थोडे मतदार ट्रम्प यांच्याकडेही गेले, म्हणजे वेळेत माघार घेतली असती तर ट्रम्प नक्की हरले असते, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

गर्दीच्या प्रायमरीचं आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. २०२२ साली मिशिगन राज्यातल्या खासदारकीच्या १३व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक तिकिटासाठी नऊ जण होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि तेवढ्यात ते जिंकले. मतदारसंघ डेट्रॉइटचा, पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक जवळपास औपचारिकता. लढत अध्यक्षपदाची नसली तरी गणित तेच आहे. बहात्तर टक्के लोकांची पहिली पसंती दुसरीकडे होती, पण ती आठ ठिकाणी वाटली गेली.

मग मतदार मेंढरं आहेत का?

हा आक्षेप मामांनी घेतलाच. "एकानं उडी मारली की सगळे मागून." दिसतं तसं खरं. पण मतदार विचार काय करतो ते बघा. त्याला दोन गोष्टी एकदम साधायच्या असतात. आवडता माणूस हवा आणि तो नोव्हेंबरमध्ये जिंकायलाही हवा. पहिली गोष्ट त्याची त्याला कळते. दुसरी कळण्यासाठी बाकीचे लोक काय करतात, हे बघण्याशिवाय मार्ग नाही. मुलीचं स्थळ बघताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, त्याला कुणी मेंढरूपणा म्हणत नाही.

२००८चं उदाहरण इथे चपखल बसतं. आधीच्या वर्षभर बरेच कृष्णवर्णीय मतदार ओबामांऐवजी हिलरी क्लिंटन यांच्याकडे होते. क्लिंटन कुटुंबाशी जुनं नातं तर होतंच, शिवाय एक कडू व्यवहारी शंका होती, की गोरे लोक याला मत देतील का? ३ जानेवारी २००८ला नव्वद टक्क्यांहून जास्त गोऱ्या आयोवानं ओबामांना पहिलं केलं. क्लिंटन तिसऱ्या. शंकेचं उत्तर मिळालं आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला साउथ कॅरोलिनात ओबामांना ५५ टक्के, क्लिंटन यांना २७. हे मतदार कुणाच्या मागे धावत गेले नाहीत. त्यांनी पुरावा मिळेपर्यंत वाट बघितली.

आणि मेंढरं असती तर मधल्या न्यू हॅम्पशायरचं काय? आयोवाच्या लाटेवर ओबामा तिथेही जिंकणार, असं जनमत चाचण्या एकमुखानं सांगत होत्या. जिंकल्या क्लिंटन, ३९ विरुद्ध ३६. तिथले मतदार आयोवाचं ऐकून घेतात आणि मग मुद्दाम वेगळं करतात, असा त्यांचा लौकिकच आहे. थोडा पुणेरीच म्हणा.

काही महिन्यांत पाच नवरदेव

कधीकधी मात्र मतदारांचं हे फिरणं खरंच हास्यास्पद वाटतं. २०१२साठी रिपब्लिकन पक्षाचा हंगाम आठवा. मिट रॉमनी सगळ्यांना माहीत होते आणि कुणाला फारसे आवडत नव्हते. २०११च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टेक्ससचे राज्यपाल रिक पेरी पुढे गेले. मग पिझ्झा कंपनी चालवलेले हर्मन केन. मग न्यूट गिंग्रिच. वर्ष सरल्यावर रिक सँटोरम. शेवटी तिकीट रॉमनींनाच.

याची चाल ठरलेली असते. नवा चेहरा येतो, माध्यमं त्याला उचलून धरतात आणि चाचण्यांत तो वर जातो. वर गेला की तीच माध्यमं त्याची कुंडली काढतात. कुंडलीत मंगळ निघतो, आणि तो खाली येतो. पेरींचा मंगळ तर टीव्हीवरच निघाला. नोव्हेंबर २०११च्या वादविवादात ते म्हणाले, मी तीन सरकारी खाती बंद करणार. दोन सांगितली, तिसरं आठवेना. शेवटी "ऊप्स" म्हणाले. तिसरं खातं होतं ऊर्जा. पाचेक वर्षांनी ट्रम्प यांनी त्यांना मंत्री केलं, कुठल्या खात्याचं हे सांगायला नको.

या काळातल्या चाचण्यांचे आकडे फार मनावर घेऊ नयेत, असं माझं मत आहे. पहिलं राज्य मत देण्याच्या चार महिने आधी मतदाराला फोनवर 'कोण आवडतं?' विचारलं तर तो त्या आठवड्यात कानावर पडलेलं नाव सांगतो. ते मन बदलणं नव्हे. मन अजून तयारच झालेलं नसतं.

त्या आयोवात गंमतही झाली. ३ जानेवारीच्या रात्री जाहीर झालं की रॉमनी आठ मतांनी जिंकले. सोळा दिवसांनी पक्की मोजणी आली, सँटोरम ३४ मतांनी पुढे होते. तोवर न्यू हॅम्पशायर होऊन गेलं होतं आणि पेढे खाऊन संपले होते.

"हे सगळं वरूनच ठरलेलं असतं"

सँडर्स यांच्या समर्थकांची ही तक्रार आजही आहे आणि ती पूर्ण उडवून लावता येत नाही. तीन दिवसांत तीन जण बाहेर पडतात आणि दोघं एकाच रात्री एकाच शहरात तिथल्या आणखी एका नेत्याबरोबर पाठिंबा देतात, तेव्हा आधी फोनाफोनी झाली असणार हे सांगायला ज्योतिषी नको. पक्षाच्या पुढाऱ्यांना सँडर्स नकोच होते.

पण पुढाऱ्यांना हवं ते होतंच असं नाही, याचा पुरावाही तिथेच आहे. २०१६मध्ये रिपब्लिकन पुढाऱ्यांची पसंती जेब बुश यांना होती. त्यांच्या पाठीराख्या गटानं दहा कोटींहून जास्त डॉलर जमवले होते. बुश २० फेब्रुवारीला गाशा गुंडाळून घरी गेले. वरचा शब्द चालतो तो जमीन आधीच ओली असेल तिथे. मिनेसोटाच्या मतदारांना क्लोबुशर आवडत होत्या, बायडनही चालत होते, क्लोबुशर यांनी वाट दाखवली आणि ते गेले. त्यांनी सँडर्स यांच्या कट्टर समर्थकांना तीच वाट दाखवली असती तर एकही हलला नसता.

टपालात गेलेलं मत

या सगळ्यात एका माणसाचे हाल होतात, त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो म्हणजे वेळेआधी मत देणारा कर्तव्यदक्ष नागरिक. कॅलिफोर्नियात टपालानं मतदान आठवडे आधी सुरू होतं. २०२०च्या फेब्रुवारीत ज्यांनी बुटिजेज यांच्या नावावर खूण करून पाकीट टाकलं, त्यांचा उमेदवार सुपर ट्यूसडेच्या दोन दिवस आधी शर्यतीतून गेला. पाकीट परत मागता येत नाही. सँडर्स यांनी कॅलिफोर्निया जिंकलं, त्यात या लवकर पडलेल्या मतांचा वाटा होता. शेवटच्या बहात्तर तासांची लाट त्या मतांपर्यंत पोचलीच नाही.

यावर जुना उपाय आयोवाच्या कॉकसमध्ये होता. डेमोक्रॅटिक मतदार हॉलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत आपापल्या उमेदवाराच्या नावानं उभे राहत. ज्या कोपऱ्यात साधारण १५ टक्क्यांहून कमी लोक, तिथल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. शेजारी हात धरून ओढत, 'इकडे या, खुर्ची आहे.' मतदाराचं मन बदलणं तिथे अक्षरशः पायांनी चालताना दिसायचं.

नवा उपाय म्हणजे पसंतीक्रम. मतपत्रिकेवर १, २, ३ लिहा, पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याला. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना हे नवीन नाही. २०२०मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग इथल्या डेमोक्रॅटिक मतदानात ते वापरलं. बाकी बहुतेक राज्यांत पाकीट टाकलं की टाकलं.

रुसलेले नोव्हेंबरमध्ये काय करतात?

बहुतेक जण येतात, तोंड वाकडं करून का होईना. आपल्या उमेदवाराला तिकीट न मिळाल्याच्या रागात काही जण पलीकडे जातातच. २०१६मध्ये सँडर्स यांना प्रायमरीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांच्याकडे गेले, असा एका मोठ्या सर्वेक्षणाचा अंदाज. आकडा मोठा वाटतो. पण २००८मध्ये क्लिंटन यांच्या प्रायमरी मतदारांपैकी जवळपास चौथा हिस्सा रिपब्लिकन मॅकेन यांच्याकडे गेल्याचा अंदाज आहे आणि तरी ओबामा आरामात निवडून आले. शिवाय त्या १२ टक्क्यांतल्या अनेकांचं डेमोक्रॅटिक पक्षाशी मुळातच फारसं नातं नव्हतं. काही राज्यांत पक्षाचा शिक्का नसलेले मतदारही प्रायमरीत येऊ शकतात. न्यू हॅम्पशायरमध्ये तर ते दोन्हींपैकी कुठल्याही पक्षाची मतपत्रिका मागू शकतात. असा पाहुणा पंगतीत जेवला म्हणून घरचा होत नाही.

पहिला नंबर कुणाचा?

बायडन अध्यक्ष झाल्यावर त्यांच्या पक्षानं २०२४साठी वेळापत्रक बदललं. आयोवा मागे, साउथ कॅरोलिना पहिलं. ज्या राज्यानं त्यांना उठवलं तेच पुढे, यात आश्चर्य नाही. न्यू हॅम्पशायरनं ऐकलं नाही. 'पहिली प्रायमरी आमचीच' असा त्यांच्या राज्याचा कायदाच आहे. त्यांनी २३ जानेवारीला मतदान उरकलं, बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, आणि मतदारांनी ते हातानं लिहून त्यांना जिंकवलं. २०२८च्या पहिल्या नंबरासाठीही राज्यांची रस्सीखेच आहेच.

हे ऐकून मामा हसले. "म्हणजे कोण उभं राहणार याच्या आधी भांडण कशाचं, तर पहिली पंगत कुणाची."

"हो ना."

"मग ठीक आहे. एवढं कळतं आम्हाला."